पालथा पडना का?

हिलालआप्पांनी चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, लेंगा गुडघ्यावर ओढला, एक एक करून दोन्ही गुडघे फरशीला टेकवले आणि थोडा विचार करून उरलेले आप्पाही खाली उतरवले. पोट आधी पोचलं. मग छाती, मग हनुवटी. समोर गोधडीवर भाग्येश पोटावर पडला होता आणि नाक गोधडीत खुपसून रडत होता.

"देख, आठे देख, मन्हाकडे देख," आप्पा जमिनीलगतच्या आवाजात म्हणाले.

शेजारचा जगदीश पेपर मागायला दारात आला. त्याने एक म्हातारा आणि एक तान्हं असे दोन जीव जमिनीवर पालथे पडलेले पाहिले. तान्हं रडत होतं, म्हणजे ते जिवंत होतं. म्हाताऱ्याबद्दल त्याची खात्री होईना.

"आप्पा! काय व्हयनं? रिक्षा बलावू का?"

"बोंब मारू नको. व्यायाम चालू शे."

"तुमना?"

"याना."

"व्यायाम याना, आनि पालथा तुम्ही?"

"समोर तोंड दिसनं म्हंजे तो मान वर करस. सिस्टरनी सांगेल शे."

जगदीश उंबऱ्यावर टेकला. घाई कसलीच नव्हती. "तुमनं तोंड देखीसन आजपावत कोनी मान वर करी का, आप्पा?"

त्याच वेळी भाग्येशने रडणं थांबवून मान उचलली. बोटभर. मान हलली, डुगडुगली, दोन डोळे आप्पांच्या मिशांवर येऊन थांबले आणि मग सगळं डोकं पुन्हा गोधडीत पडलं.

"म्हातारी दळनवरतीन येवाना पहिले उठाडी दे माले," आप्पा म्हणाले. "आनि तिले सांगू नको."

जगदीशने त्यांना काखेत हात घालून उठवलं. का सांगू नको, हे त्याने विचारलं नाही. गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

भाग्येश आप्पांच्या मुलीचा, रंजिताचा मुलगा. रंजिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती माहेरूनच गेली. ते कसं झालं हे डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं होतं आणि आप्पांना दोन्ही वेळा समजलं होतं. उपयोग काही नव्हता. पोराचं नाव रंजिताने सातव्या महिन्यातच ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे भाग्येश हे नाव त्या परिस्थितीत बरं दिसतं का, हा विचार करायची सोय उरली नाही.

तेराव्याला नवापूरचे व्याही आले. जावई नवनीत तिथे कोंबड्यांच्या फार्मवर सुपरवायझर होता. त्याने मुलाला मांडीवर घेतलं ते अंड्यांचा ट्रे घ्यावा तसं, दोन्ही तळव्यांवर, श्वास रोखून. मग त्याला शिंका सुरू झाल्या. आप्पांच्या घरामागे मिरचीची पथारी होती. लांबरुंद मैदान, आणि हंगामात तिथे लाल मिरची वाळत पडलेली. आप्पांनी त्याच पथारीवर मुकादम म्हणून जन्म काढला होता. बाहेरचा माणूस नंदुरबारला आला की आधी शिंकतो आणि मग रामराम करतो. भाग्येश मात्र अजून एकदाही शिंकला नव्हता. आप्पांची बायको भिकुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मुद्दाम सांगे.

निघताना व्याहीण, धनुबाई, म्हणाली होती, "लहान जीव शे, मान बी धरत नही. मन्हा हात थरथरतस. ऱ्हाऊ द्या आजीजोडे. पालथा पडना म्हंजे लई जासूत."

पालथा पडला की न्यायचा, यावर सगळ्यांनी माना हलवल्या. त्या वेळी पालथं पडणं ही फार लांबची गोष्ट वाटली होती.

त्या दिवसापासून भिकुबाईने पोराला जमिनीला पाठ सोडून दुसरं काही लागू दिलं नाही. सकाळी तेल, पाणी, धुरी. मग बाळुत्यात असा आवळून बांधलेला की टोपऱ्यातून फक्त चेहरा दिसावा. दुपारभर झोळीत. झोळीतून निघाला की तिच्या मांडीवर. गोधडीवर ठेवलाच तर दोन्ही अंगांना दोन उशा, आणि उशा हलू नयेत म्हणून उशांना टेकून पितळी डबे. तिच्या मायेत तसूभर खोट नव्हती. पोरगं गुटगुटीत होतं. फक्त त्याचं डोकं मागून पाटासारखं चपटं व्हायला लागलं होतं, आणि धरून बसवलं तर मान छातीवर येई.

लसीच्या दिवशी रोहिणी सिस्टरने ते पाहिलं. तरुण बाई, तोंडाने गोड.

"आजी, ह्याला पोटावर घालता ना?"

"घालतस ना," भिकुबाई म्हणाली.

"जागा असताना घालायचं. दूध पाजल्यावर लगेच नाही. थोडा थोडा वेळ, दिवसातून चार वेळा. जवळ बसून राहायचं, समोरून बोलायचं. मान, खांदे, पाठ, सगळं त्यातूनच घट्ट होतं. झोपवताना मात्र पाठीवरच, हं."

"मन्ही रंजिताले कोनी शिकाडं व्हतं का? आपोआप पडनी ती पालथी." एवढं बोलून भिकुबाई थांबली. तिने पोराचं टोपरं सारखं केलं. ते सारखंच होतं.

घरी येऊन तिने बाळुतं आणखी एक वेढा घट्ट केलं. आप्पांनी ते पाहिलं. पथारीवर मिरची एका अंगावर राहिली की खालून पांढरी पडते. बायांना दिवसभर ओरडून ओरडून ती उलटवून घेणं हेच त्यांचं काम होतं. घरात ओरडायची त्यांची प्राज्ञा नव्हती. त्यांनी फक्त दळणाच्या खेपा वाढवल्या. घरात पीठ असलं तरी ज्वारी संपवायला हवी असं ते म्हणू लागले, आणि भिकुबाई डबा घेऊन गिरणीवर गेली की चष्मा काढून कोनाड्यात ठेवू लागले.

दर रविवारी नवापूरहून फोन येई.

"पालथा पडना का?"

"नही ना माय, आजून नही," भिकुबाई सांगे. "हाडे जड शेतस त्याना. आजावर जायेल शे."

आप्पा तेव्हा पेपर वाचत. पेपर बहुधा कालचा असे.

भिकुबाई पूर्वी त्यांना 'रंजिताना बाप' म्हणून हाक मारी. तेराव्यानंतर तिने ती हाक बंद केली आणि दुसरी सुरू केली नाही. काही हवं असलं की ती भांडं जरा जोरात ठेवी. आप्पा त्याला ओ देत.

मान बोटभर उचलायची ती चार बोटं उचलू लागली. मग भाग्येश कोपरांवर आला. छाती वर, तोंडातून लाळेची तार, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे जग एवढं उंच आहे हे त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. आप्पा समोर पडल्या पडल्या त्याला पेपरातल्या बातम्या सांगत. मिरचीचे भाव पडले की तो हसे.

आणि एका सकाळी, पाठीवर ठेवलेला असताना, त्याने दोन्ही पाय वर घेतले, अंगठे धरले, कंबर एका बाजूला टाकली आणि तसाच कुशीवर राहिला. आप्पा पाहत राहिले. पोरगं कण्हलं. जोर लावला. कंबर वळली, खांदा वळला, हात खाली अडकला. आप्पांचा हात पुढे झाला आणि मागे आला. भाग्येशने अडकलेला हात इकडून तिकडून ओढला, चेहरा लाल केला, आणि हात सुटला. मान वर करून त्याने आप्पांकडे पाहिलं.

आप्पांना ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंही. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पोराला उचललं आणि परत पाठीवर ठेवलं. उशा दोन्हीकडून सरकवल्या.

भाग्येश परत पालथा पडला. उशी घेऊन पडला.

आप्पांनी परत पाठीवर ठेवला. पोराला वाटलं, हा खेळ आहे. ते खिदळलं.

तिसऱ्या वेळी आप्पांनी मान वळवली तेव्हा दारात भिकुबाई उभी होती. कमरेवर डबा, पापण्यांवर पीठ.

"कव्हयपशी?" तिने विचारलं.

"आते."

"आतेच?"

"आतेच. तुन्ही शप्पथ."

तिने डबा खाली ठेवला. आता चिडेल, किंवा रडेल, असा आप्पांचा अंदाज होता. तिने आधी मागे वळून गल्लीत पाहिलं, मग भर दिवसा दार लावलं आणि कडी घातली.

"कोनी देखं का?"

"नही."

"जगदीशनी?"

"नही."

मग ती पोराजवळ बसली आणि त्याने पुन्हा वळावं म्हणून वाट पाहू लागली. तो वळला. भिकुबाईने पदर तोंडात धरला. हसू फुटलं होतं ते दाबायला धरला, पण मग तो बराच वेळ तसाच राहिला आणि तिचे खांदे हलायला लागले. आप्पा उठून पाणी आणायला गेले. पाणी आणायला त्यांना फार वेळ लागला.

त्यानंतर त्या घरात एक गुपित राहू लागलं. त्यांच्याकडे रीत अशी की पोरगं पालथं पडलं म्हणजे गल्लीत सांजोऱ्या वाटायच्या. सांजोऱ्या वाटल्या की बातमी गल्लीबाहेर जाणार, आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांचं माहेर नवापूरकडचं.

"सांजोऱ्या कव्हय, आप्पा?" जगदीश विचारी.

"रवा चांगला भेटत नही."

"माले तरी खरं सांगा ना."

"तुलेच तर सांगी ऱ्हायनू. रवा चांगला भेटत नही."

कुणी आलं की पोरगं मांडीवर. पाहुणं जरा रेंगाळलं की पोरगं खाली उतरण्यासाठी कमान होऊन भोकाड पसरी. त्या घरात खरं सांगायला निघालेला तो एकटाच होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं. पाहुणं गेलं की भिकुबाई दार लावून त्याला गोधडीवर सोडी, आणि मग तो पोटावरच गोल गोल फिरे, एका हाताने फरशी थापटत. बाळुतं तिने कधीच सोडून ठेवलं होतं. चपटं डोकंही हळूहळू भरत चाललं होतं. दुपारी दोघं दोन बाजूंना बसत आणि तो कुणाकडे वळतो ते पाहत. भिकुबाई हरली की म्हणे, तुमना मिशा देखीसन येस तो. अशी दुपार त्या घरात बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

मग एका रविवारी फोन आला नाही.

भिकुबाईने त्या दिवशी वांग्याचं भरीत केलं आणि आप्पांना आग्रह करून एक भाकरी जास्त वाढली. पुढच्या रविवारीही फोन आला नाही. तेव्हा ती जेवताना एकदोनदा मोबाईलकडे पाहून पुन्हा ताटाकडे वळली. त्याच्या पुढच्या रविवारी तिने सकाळीच मोबाईल स्वतः चार्जिंगला लावला.

"बिघडना व्हई," ती दुपारी म्हणाली.

आप्पांनी जगदीशला त्याच्या मोबाईलवरून फोन लावायला सांगितला. आप्पांचा मोबाईल सगळ्या घराला ऐकू जाईल असा वाजला. काही बिघडलं नव्हतं.

"बापले याद येत नही का लेकरूनी?" भिकुबाई म्हणाली. आवाज चढला होता. "मान कशी शे, दूध पेस का, दात उनात का, काहीच नही?"

"तुलेच तर पाहिजे व्हतं असं."

"माले पाहिजे व्हतं." ती पोराच्या हाताला लागलेली लाळ पुसत राहिली. "पन त्यास्नी मांगाले तरी पाहिजे ना."

आप्पांनी मोबाईल परत चार्जिंगला लावला.

चहा झाल्यावर तिने पेटी उघडली. झबली, टोपरी, लाळेरी, पायातले काळे मणी, गुटीची सहाण, सगळं एकेक करून गोधडीवर मांडलं. भाग्येश त्यातलं हाताला येईल ते तोंडात घालत होता आणि ती शांतपणे काढून घडी करत होती.

"सांगी टाका त्यास्ले," ती म्हणाली. "पालथा पडना म्हनो. पोऱ्या त्यास्ना शे. आपन कसाले चोरी करानी? कव्हय येतस ते इचारा."

आप्पा मोबाईल घेऊन मागच्या दाराने पथारीवर गेले. घरात पोराच्या गलक्यात फोनवरचं काही कळत नसे. पथारीवर बाया मिरची उलटवत होत्या, तोंडाला फडकी बांधून. आप्पा कुंपणाच्या भिंतीशी थांबले. कानांनी जरा कमी ऐकू येई, म्हणून नेहमीप्रमाणे त्यांनी स्पीकर लावला.

बऱ्याच वेळाने धनुबाईने उचलला.

"हा, ईहाई. बोला."

"पोऱ्या पालथा पडना," आप्पा म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला.

पलीकडे काही क्षण नुसता कपबशांचा आवाज आला.

"बरं व्हयनं," धनुबाई म्हणाली. "चांगलं व्हयनं. जरासं बारीक बोला. पाहुणा बठेल शेतस घरमा."

"मंग कव्हय येतस त्याले लेवाले?"

"थांबा ना आते थोडं. रांगू द्या त्याले. रांगता पोऱ्या संभाळाले सोपा पडस."

रांगतं पोर सांभाळायला सोपं असतं, हे आप्पांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. धनुबाईच्या आवाजात कडवटपणा नव्हता. दमलेली होती ती.

"नवनीतजोडे देतीस का फोन?"

"तो पाहुणास्मा बठेल शे. त्यानाच दुसरा लगीनकरता येल शेतस ना त्या." ती घुटमळली. "त्यास्ले आजून पोऱ्यानं काही बोलनूत नहीत. एकदा जमी गयं म्हंजे सांगसूत. तुम्ही समजदार शेतस, आप्पा."

आप्पांनी बरं म्हटलं. ते बरं त्यांनी बारीक आवाजातच म्हटलं. नातवाच्या विषयात आवाज खाली करायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती, आणि ते त्यांना लगेच जमलं, याचं त्यांना नवल वाटलं.

फोन बंद झाल्यावर ते काही वेळ भिंतीशी उभे राहिले. एका बाईने हाक मारून विचारलं, आप्पा, डोयामा तिखं गयं का? आप्पांनी मान हलवली. मिशा पुसल्या, घसा साफ केला आणि मागच्या दाराने आत आले.

भिकुबाई गोधडीवर बसली होती. बोचकं बांधून तयार होतं. भाग्येश तिच्या मांडीवर आडवा, पोटावर, पाय झाडत.

"काय म्हननात?"

"आजच निघी ऱ्हायनात व्हतात," आप्पा म्हणाले. "गाडी करीसन. मीच नही म्हनं."

भिकुबाईने वर पाहिलं.

"म्हनं, असं कसं? रांगाना पहिले देनार नही. पालथा पडना म्हंजे काय मोठं व्हयनं का? ईहीन आयकेच ना. मी बी सोडं नही. मोठाल्या आवाजमा बोलनू."

"आनि नवनीत?"

"रडना."

"रडना?"

"पोऱ्या माले आजच पाहिजे म्हने. मीच समजाडं. म्हनं, सासरावर भरोसा ठेव."

"धनुबाई काय म्हननी?"

"ती बी रडनी." हे जरा जास्त झालं, हे आप्पांच्या बोलता बोलताच लक्षात आलं. "थोडीशी," त्यांनी दुरुस्ती केली.

भिकुबाईने बोचकं पुढे ओढलं. तिने बोचक्याची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती. तिला दात लावावे लागले. झबली परत पेटीत गेली, टोपरी गेली, सहाण कोनाड्यात आप्पांच्या चष्म्याशेजारी गेली. काळे मणी तिने पोराच्या पायात बांधले.

"बरं करं तुम्ही," ती म्हणाली. "भांडनात ते बरं करं."

"मंग! आपला पोऱ्या शे."

"हा."

तिने भाग्येशला उचलून खांद्यावर घेतलं. त्याने मान ताठ धरली होती आणि तिच्या खांद्यावरून तो मागच्या दाराकडे पाहत होता. ते दार उघडंच होतं. मोरीतली ओली बादली दारापर्यंत आलेली होती; आप्पा बाहेर पडले तेव्हा ती मोरीतच होती.

"पाहुणा गयात का मंग?" भिकुबाईने पोराच्या पाठीवर हात फिरवत विचारलं. "का जेवीसन जानार शेतस?"

पाहुण्यांचा विषय आप्पांनी काढलेला नव्हता. ते खाली बसले. मग उगाचच मोबाईल खिशातून काढून त्याची काच लेंग्याला पुसू लागले.